परदेशातला पुरावा बेलापूरच्या टेबलावरच हुकतो

समजा, खारघरमधल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याला शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली ४२ लाखांना गंडवलं. ग्रुपमध्ये ओढणारा नंबर परदेशी. बनावट ॲपचं डोमेन अमेरिकी कंपनीकडे नोंदवलेलं. पैसे अकरा खात्यांतून फिरून यूएसडीटी या क्रिप्टोचलनात बदललेले आणि शेवटचा माग दुबईतल्या कुणाच्या तरी वॉलेटपाशी. गुन्हा नोंदवला जातो. तपासी अंमलदार पंधरा दिवसांत खातेदार शोधून काढतो. ती असतात कमिशनवर खातं भाड्याने दिलेली पोरं, हातात पाच-दहा हजार मिळालेली. त्यापुढे नस्तीत एक कागद लागतो : ‘सदर कंपनीस ई-मेल करण्यात आला असून उत्तर अप्राप्त आहे.’ आणि तपास त्या कागदावर बसून राहतो.

माझं ठाम मत असं, की यातले बरेचसे तपास परदेशात अडतच नाहीत. ते इथेच, बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयात, विनंती लिहिणाऱ्या टेबलावर अडतात. म्हणून सीमेपलीकडच्या गुन्ह्यांसाठी आयुक्तालयात नव्याने एक कक्ष उभा करायचा झाला, तर त्याच्या प्रमुखाने काय करावं, कशाच्या मागे लागावं आणि काय सोडून द्यावं, हे सविस्तर लिहितो आहे.

ठाणे आयुक्तालय १९८१चं, नवी मुंबईचं १९९४चं. दोन्हींच्या हद्दीत परदेशाशी जोडलेला गुन्हा रोजचा आहे. न्हावा शेवाचं बंदर, महापे-ऐरोलीतल्या कंपन्या, गोदामांची भिवंडी आणि ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या लोकांना लुबाडणाऱ्या शेकडो मुलांना एका रात्रीत ताब्यात घेतलं गेलं. आरोपी इथे, फसलेले तिकडे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागानेही अशाच धंद्यातल्या भारतातल्या आणि तिथल्या माणसांवर आरोप ठेवले. अशा खटल्यात फिर्यादीची बाजू उभी राहते ती सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या जबाबावर, आणि तो जबाब कायदेशीर वाटेने आला नाही तर मुद्देमालात नुसते संगणक आणि हेडफोन उरतात.

पहिली गोष्ट दारांची. या कक्षाला परदेशी सरकारला स्वतःच्या सहीने पत्र लिहायचा अधिकार नाही. गुन्ह्याच्या कामात परस्पर कायदेशीर साहाय्य मागायचं तर केंद्रीय प्राधिकरण म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालय. आरोपी परत आणायचा, म्हणजे प्रत्यार्पण, तर परराष्ट्र मंत्रालय आणि १९६२चा प्रत्यार्पण कायदा. इंटरपोलमार्फत माहिती किंवा नोटीस हवी तर सीबीआय, कारण भारताचा इंटरपोलसाठीचा राष्ट्रीय केंद्रीय ब्युरो तीच आहे. संशयास्पद व्यवहारांची गुप्तवार्ता हवी तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, जे जगातल्या अशा युनिटांच्या एग्मॉन्ट गटात आहे. प्रत्येक दाराचा कागद वेगळा, भाषा वेगळी आणि मिळणाऱ्या गोष्टीची किंमतही वेगळी. इंटरपोलच्या वाटेने आलेला पत्ता तपासाला दिशा देतो, कोर्टात पुरावा म्हणून तो टिकेलच असं नाही. परदेशी बँकेचं खातेपत्रक मात्र इंटरपोलकडे मागून उपयोग नाही, त्याला रीतसर विनंतीच लागते. दार चुकलं की कागद दिल्लीहून परत येतो, आणि तोवर तिकडच्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात.

त्यामुळे कक्षात गुन्हा आला की पहिले दोन दिवस विनंती लिहायला बसू नये. आधी जतन. अमेरिकी कायद्यानुसार पोलिसांनी मागणी केली की कंपनीला संबंधित खात्याची माहिती ९० दिवस जपून ठेवावी लागते आणि ती मुदत आणखी ९० दिवस वाढवून घेता येते. मोठ्या कंपन्यांची पोलिसांसाठी स्वतंत्र पोर्टलं आहेत, तिथून ही मागणी भारतीय पोलीसही पाठवतात. जिथे पोर्टल नाही तिथे २४ तास चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संपर्क जाळ्याचा मार्ग आहे आणि त्याचं भारतातलं टोक सीबीआयकडे आहे. जतनाची मागणी एका पानाची असते. खात्याचा नेमका ओळख क्रमांक किंवा लिंक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, गुन्हा क्रमांक आणि अधिकाऱ्याचा सरकारी ई-मेल. खासगी ई-मेलवरून पाठवलेली मागणी कुणी वाचतही नाही. आणि जतन म्हणजे माहिती मिळणं नव्हे. ८०व्या दिवशी मुदतवाढ मागायची आठवण ज्याच्या डायरीत नाही, त्याची अवस्था वरातीमागून घोडं अशी होते.

जतन झालं की मागायचं काय, याचे दोन भाग पाडावेत. खातं कुणी उघडलं, कोणत्या नंबरवरून, लॉगिन कुठल्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) झालं, ही माहिती अनेक अमेरिकी कंपन्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालच्या नोटिशीवर थेट देतात. जिवाला तातडीचा धोका असेल, म्हणजे अपहरण किंवा आत्महत्येची धमकी, तर त्याहून लवकर देतात. मेसेजमधला मजकूर, फोटो, ई-मेलचा आशय मात्र तिथल्या न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय मिळत नाही. त्यासाठीच परस्पर साहाय्याच्या कराराची वाट. जे नोटिशीवर मिळू शकतं ते लांबच्या वाटेने मागितलं, तर तिथला अधिकारी आधी विचारतो की कंपनीला थेट विचारलं का. ‘नाही’ हे उत्तर द्यायला लागणं म्हणजे काही महिने वाया.

आयपी पत्त्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त मती गुंग होते. कंपनीकडून आलेल्या नोंदीत वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. नोंदीत १४ मार्चचे १९.४० लिहिलेले असतील तर आपल्याकडे तेव्हा १५ मार्चच्या पहाटेचा १ वाजून १० मिनिटं झालेली असतात. तारीखच बदलते. हा फरक न धरता मोबाइल कंपनीला पत्र गेलं, तर उत्तरात भलत्याच माणसाचं नाव येतं आणि दिघ्यातल्या एखाद्या निरपराध घराचं दार पोलीस वाजवतात. दुसरं, मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे एका वेळी शेकडो ग्राहक असतात. म्हणून आयपीबरोबर त्यातला नेमका ग्राहक ओळखू देणारा पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ हवी. पोर्ट नसेल तर तो परदेशी कंपनीकडूनच मागून घ्यावा. आणि तिसरं, तारीख आकड्यात लिहूच नये. ०४/०३ म्हणजे आपल्याला ४ मार्च, अमेरिकेत ३ एप्रिल. महिना अक्षरात लिहायचा, हा नियम कक्षात भिंतीवर लावावा.

आता विनंतीपत्र. रस्ता दोन प्रकारचा. ज्या देशाशी करार आहे तिथे गृह मंत्रालय स्वतः केंद्रीय प्राधिकरण म्हणून विनंती पाठवू शकतं. भारताचे असे करार चाळीसहून अधिक देशांशी आहेत. अमेरिकेशी झालेला करार २००१चा, अमलात आला २००५मध्ये. दुसरा रस्ता न्यायालयाच्या विनंतीपत्राचा, ज्याला सगळेजण एलआर (लेटर रोगेटरी) म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ मध्ये आहे. करार नसेल तर परस्परतेच्या हमीवर, म्हणजे उद्या तुम्हाला गरज पडली तर आम्हीही करू या लेखी आश्वासनावर, राजनैतिक मार्गाने ते जातं.

गृह मंत्रालयाने डिसेंबर २०१९मध्ये याबद्दल सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कक्षातल्या प्रत्येकाने छापून वाचलेल्या असाव्यात. राज्य पोलिसांचा प्रस्ताव अभियोग संचालनालयाच्या कायदेशीर मतासह राज्याच्या मंत्रालयातल्या गृह विभागाकडे जातो, तिथून दिल्लीला. दिल्लीची संमती आल्यावर न्यायालयात अर्ज. न्यायालयाने पत्र दिलं की ते पुन्हा दिल्लीमार्गे परदेशात. इथे नेहमीची चूक म्हणजे उलटा क्रम. तपासी अंमलदार उत्साहाने आधी कोर्टाकडून एलआर घेतो आणि मग मंत्रालयात पाठवतो. दिल्ली त्यात बदल सुचवते, आणि न्यायाधीशांच्या सहीचं पत्र कुणी दुरुस्त करायचं? पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

पत्राचा मजकूर हे खरं काम. नेहमीच्या नस्तीतली ओळ अशी असते : ‘सदर आरोपी याने फिर्यादीची फसवणूक केली असून त्याच्या खात्याची सर्व माहिती पुरविण्यात यावी.’ हे वाक्य परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने रिकामं आहे. कोणतं खातं? त्या खात्याचा आणि फसवणुकीचा संबंध काय? सर्व माहिती म्हणजे कधीपासूनची? हे वाचून त्याला वाटतं की हे जाळं टाकून मासे शोधताहेत, आणि तो विनंती बाजूला ठेवतो. तीच ओळ अशी लिहावी : अमुक तारखेला अमुक वाजता फिर्यादीने तुमच्या देशातल्या अमुक बँकेच्या अमुक क्रमांकाच्या खात्यात इतकी रक्कम पाठवली, त्याआधी दोन तासांवर आरोपीने याच खात्याचा क्रमांक मेसेजने पाठवला, त्याची प्रत परिशिष्ट ३ मध्ये आहे, म्हणून या खात्याचा उघडण्याचा अर्ज, ओळखपत्रं आणि अमुक ते अमुक तारखेचं खातेपत्रक हवं, त्यावरून पैशाचा अंतिम लाभार्थी कोण हे सिद्ध करायचं आहे. वाक्य लांबलं तरी चालेल, पण मागितलेल्या प्रत्येक कागदाला गुन्ह्याशी बांधणारा धागा त्यात दिसला पाहिजे.

कलमांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. ‘चारसोबीस’ हा शब्द आपल्या रक्तात असला, आणि आता ती कलमं भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये गेली असली, तरी डब्लिनच्या वकिलाला दोन्ही सारखीच परकी. बहुतेक देश आधी हे बघतात की हीच कृती आपल्याकडे घडली तर गुन्हा ठरली असती का. म्हणून कृती सांगावी. खोटं काय सांगितलं, ते खोटं आहे हे आरोपीला माहीत होतं हे कशावरून, त्यावर विसंबून समोरच्याने काय दिलं, नुकसान किती झालं. कलमाचा पूर्ण मजकूर आणि कमाल शिक्षा परिशिष्टात जोडावी. बदनामी, धार्मिक भावना अशी कलमं गुन्ह्यात लावलेली असतील आणि मागणीशी त्यांचा संबंध नसेल, तर ती पत्राच्या केंद्रस्थानी येऊ देऊ नयेत. अमेरिकेसारख्या देशात अभिव्यक्तीच्या मुद्द्यावर सगळी विनंतीच परत येते.

भाषांतराकडे दुर्लक्ष होतं, ते व्हायला नको. जबाब मराठीत, पत्र इंग्रजीत, आणि आखाती देशात जायचं तर सोबत अरबी. ‘पंच’ या शब्दाचं भाषांतर लवाद असं झालेलं कागदपत्र तिकडच्या वकिलाच्या हाती पडलं, तर तो बुचकळ्यात पडणारच, की पोलिसांच्या झडतीत लवाद कुठून आला? तिथे ‘झडतीचा स्वतंत्र साक्षीदार’ असंच उलगडून सांगायला हवं. अंगडिया, दलाल, मुद्देमाल, उर्फ, या सगळ्यांची एक पक्की शब्दयादी कक्षाने एकदाच करून ठेवावी, म्हणजे दर वेळी वेगळा अनुवादक वेगळा शब्द घालणार नाही. लाख-कोटीही तिकडे चालत नाहीत. १,२५,००,००० हा आकडा स्वल्पविरामाच्या जागेमुळेच चुकीचा छापल्यासारखा वाटतो. दशलक्षात लिहावा, रक्कम अक्षरात द्यावी आणि त्या दिवशीच्या दराने डॉलरमधला आकडा कंसात ठेवावा. नावाचंही तसंच. आपल्या नोंदीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत स्पेलिंग तिसरंच. पत्रात पासपोर्टप्रमाणे एकच नाव वापरून बाकीची सगळी रूपं एकदा खाली द्यावीत.

‘त्वरित’ हा शब्द कुठल्याही सरकारी पत्रात असतो, त्यामुळे त्याला वजन उरलेलं नाही. तारीख लिहावी. आरोपी कोठडीत आहे, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास त्याला जामिनाचा हक्क मिळतो, ती तारीख अमुक, असं लिहिलं की वाचणाऱ्याला घाई समजते. मात्र तपासी अंमलदाराने परदेशी उत्तराची वाट बघत दोषारोपपत्र थांबवू नये. एलआर प्रलंबित आहे म्हणून मुदत वाढत नाही. हाती असलेल्या पुराव्यावर दोषारोपपत्र दाखल करावं, विनंती कुठवर पोचली ते त्यात नमूद करावं आणि पुढचा तपास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली चालू ठेवावा. खटला सुरू झाल्यावर पुढच्या तपासाला न्यायालयाची परवानगी लागते आणि तो ९० दिवसांत संपवायचा असतो, मुदतवाढही न्यायालयाकडूनच. हे गणित तपासी अंमलदाराला कक्षाने पहिल्याच भेटीत समजावून द्यावं.

बाकी कागदांची शिस्त थोडक्यात. मूळ धरून पाच संच. प्रत्येक पानावर क्रमांक, सही, न्यायालयाचा शिक्का. परिशिष्टं फोटोकॉपीची फोटोकॉपी नसावीत. परदेशात समन्स बजावायचं असेल तर न्यायालयाला विनंती करून सुनावणीची तारीख किमान तीन महिने पुढची घ्यावी, नाहीतर समन्स पोचेपर्यंत तारीख उलटलेली असते.

पैशाच्या मागावर वेगळ्या प्रकारची काळजी लागते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेळेत तक्रार झाली तर देशातल्या बँकेत रक्कम गोठते. एकदा ती क्रिप्टोत गेली की वॉलेटचा पत्ता हाच एकमेव धागा, आणि तो फिर्यादीच्या मोबाइलच्या स्क्रीनशॉटवरून हाताने टाइप केला जातो. ट्रॉन नेटवर्कवरचा पत्ता ३४ अक्षरांचा असतो, ‘टी’ने सुरू होतो आणि लहान-मोठी अक्षरं त्यात वेगळी धरतात. या पद्धतीच्या पत्त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही चार चिन्हं मुळातच वापरलेली नसतात. त्यामुळे पत्रात लिहिलेल्या पत्त्यात शून्य दिसलं, की टायपिंग चुकलं आहे हे पत्र बाहेर जाण्याआधीच कळतं. इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा, शून्य आणि एक्सने सुरू होणारा, तिथे हा नियम लावू नये. पत्त्याबरोबर व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक द्यावा, तोही कॉपी करून. परिशिष्टाची सॉफ्ट कॉपी सोबत असावी. बंदरातल्या गुन्ह्यातही असाच एक झटपट तपास असतो. कंटेनरचा क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक. शेवटचा अंक बाकीच्यांवरून हिशेबाने येतो. तो जुळला नाही तर क्रमांक पंचनाम्यातच चुकीचा उतरवला आहे. निर्यातदार देशाला चुकीच्या डब्याबद्दल विचारण्यापेक्षा न्हावा शेवाला फोन करून तो आधी तपासावा.

आरोपीची परदेशातली मालमत्ता जप्त करायची तर नागरिक सुरक्षा संहितेचं आठवं प्रकरण, कलम १११ ते १२४. घोषित फरारीच्या मालमत्तेसाठी कलम ८६ आहे, आणि त्यात न्यायालयाकडे लेखी विनंती करणारा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त दर्जापेक्षा खालचा चालत नाही. म्हणजे हा कागद आयुक्तांच्याच सहीने जाणार. त्यांच्या टेबलावर तो पूर्ण तयार होऊनच गेला पाहिजे. फरार आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवायची सोयही आता कलम ३५६ मध्ये आहे. पण त्यासाठी वॉरंट, उद्घोषणा, वर्तमानपत्रातली नोटीस या पायऱ्या तारखेनिशी नस्तीत हव्यात.

रेड नोटीसबद्दल लोकांच्या डोक्यात फार गैरसमज आहेत. ती अटक वॉरंट नाही, आरोपीचा शोध घ्या अशी इंटरपोलने देशोदेशीच्या पोलिसांना केलेली विनंती आहे. अमेरिकेसह काही देश निव्वळ तिच्या आधारे कुणाला अटक करत नाहीत. ती मिळवायला न्यायालयाचं अजामीनपात्र वॉरंट लागतं, गुन्ह्याची कमाल शिक्षा निदान दोन वर्षांची असावी लागते, शिक्षा झालेला आरोपी असेल तर किमान सहा महिने भोगायच्या बाकी. राजकीय, लष्करी, धार्मिक, वांशिक स्वरूपाच्या बाबीत इंटरपोलला त्याच्या घटनेचा तिसरा अनुच्छेद हात घालू देत नाही. खासगी वाद, भागीदारांची भांडणं, नवरा-बायकोचे तंटे नेऊन टाकले की अर्ज परत येतो. आणि आला नाही तरी आरोपी इंटरपोलच्या फ्रान्समधल्या लिओंच्या मुख्यालयातल्या तक्रार आयोगाकडे जाऊन नोटीस रद्द करून आणतो. जानेवारी २०२५पासून सीबीआयचं भारतपोल पोर्टल सुरू झालं आहे. आता राज्याच्या इंटरपोल संपर्क अधिकाऱ्यामार्फतची कागदी पत्रं आणि फॅक्सची वणवण कमी झाली. पण पोर्टलवर भरलेला घटनेचा सारांश गचाळ असेल तर पोर्टल काय करणार? फोटो, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, बोटांचे ठसे जे असेल ते द्यावं, आणि सारांशात आरोपीने स्वतः काय केलं ते लिहावं. टोळीने काय केलं याची सहा पानं आणि या माणसाबद्दल एक ओळ, असं होऊ नये. लुकआउट सर्क्युलर ही वेगळी गोष्ट. ते इमिग्रेशनकडे, आपल्या विमानतळांवरून बाहेर पडणाऱ्यासाठी. आरोपी आधीच उडून गेला असेल तर तो परतल्यावरच त्याचा उपयोग.

प्रत्यार्पणात आपण दिलेलं वचन पुढे सरकारला पाळावंच लागतं, हे तळोज्याच्या कारागृहात अनेक वर्षं राहिलेल्या अबू सालेमच्या प्रकरणाने दाखवून दिलं. पोर्तुगालने २००५मध्ये त्याला सोपवलं ते मृत्युदंड होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही या भारत सरकारच्या हमीवर. इथे आणल्यावर त्याच्यावर जादा कलमं लागली म्हणून २०११मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यार्पणच रद्द ठरवलं, आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही कलमं मागे घेतली गेली. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ वर्षांच्या हमीने केंद्र बांधील असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून कक्षाच्या प्रत्येक प्रत्यार्पण नस्तीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं : कोणत्या कलमांसाठी मागितला, कोणती हमी दिली. आरोपी हाती आल्यावर दुसऱ्या पोलीस ठाण्याला त्याचा ताबा हवा झाला की हे पान आधी दाखवावं. तात्पुरत्या अटकेची विनंती केली असेल तर अमेरिकेशी असलेल्या करारानुसार पूर्ण कागदपत्रं ६० दिवसांत पोचावी लागतात. नाहीतर तो माणूस सुटतो. म्हणून कागद आधी, विनंती मग.

परदेशातून येणाऱ्या विनंत्यांकडे आपल्याकडे दुय्यम काम म्हणून बघतात, हे मला मनापासून खुपतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११३ खाली केंद्र सरकार अशी विनंती दंडाधिकाऱ्याकडे किंवा पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवतं. एखाद्या फ्रेंच समन्सवर पत्ता असतो : ‘सेक्टर १५, नवी मुंबई’. वाशीला सेक्टर १५ आहे, नेरुळला आहे, बेलापूरला, खारघरला, कोपरखैरण्यालाही आहे. अंमलदार एका ठिकाणी जाऊन ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा अहवाल देतो आणि तो तसाच पॅरिसला जातो. खरं तर नोडनिहाय, म्हणजे प्रत्येक उपनगरात चौकशी, वीजबिल, मतदारयादी, सोसायटीच्या सेक्रेटरीचा जबाब एवढं दोन दिवसांचं काम आहे. आणि नाहीच सापडला तर कुठे कुठे पाहिलं, हे अहवालात लिहिलं पाहिजे. आज तिकडच्या अधिकाऱ्याला आपण जे पाठवतो, उद्या आपला कागद त्याच्याच टेबलावर पडणार असतो.

म्यानमार-कंबोडियातल्या सायबर गुलामगिरीच्या, म्हणजे डांबून ऑनलाइन फसवणूक करायला लावणाऱ्या तळांवरून परतलेल्या मुलांचा प्रश्न आता याच कक्षाकडे यायला हवा. मार्च २०२५मध्ये थायलंडमार्गे वायुसेनेच्या विमानांनी सुमारे साडेपाचशे भारतीय परत आणले. अशा मुलांचे जबाब घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत घ्यावेत, आधी पीडित म्हणून, आईवडिलांसमोर चहा देऊन. कोणत्या एजंटने पाठवलं, तिकीट कुणी काढलं, तळाच्या इमारतीचं नाव, टेबलावरच्या सुपरवायझरला काय हाक मारायचे, कोणत्या देशाच्या लोकांना कोणती स्क्रिप्ट वाचून दाखवायची. असे दहा जबाब एकत्र ठेवले की परदेशी विनंतीत लिहायला पहिल्यांदा ठोस नाव मिळतं.

तिकडून पुरावा आला की दुसरी परीक्षा. पेनड्राइव्ह कार्यालयाच्या संगणकाला लावून ‘बघू काय आलंय’ असं कुणीही करू नये. लिफाफ्यावरची सील, पोचल्याची तारीख-वेळ नोंदवून न्यायवैद्यक पद्धतीने प्रत काढावी, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) घ्यावा, काम प्रतीवर करावं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक साधन हाताळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. परदेशी कंपनीकडून त्या नमुन्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर नमुना मूळ विनंतीलाच जोडायचा. पुरावा आल्यावर मागितलं तर नव्याने सगळी यात्रा. अनेक करारांत अशीही अट असते की पुरावा ज्या गुन्ह्यासाठी दिला त्याच गुन्ह्यात वापरायचा. दुसऱ्या गुन्ह्यात हवा तर पुन्हा परवानगी.

माणसं किती लागतात? एक एसीपी (सहायक आयुक्त), एक पीआय (निरीक्षक), दोन एपीआय (सहायक निरीक्षक), एक विधी अधिकारी, अनुवादकांचं पॅनल आणि दोन अंमलदार पुरेत. मोठी खोली, भिंतीवरचे नकाशे, परदेश दौरे, यांचा हट्ट धरू नये. हट्ट धरावा तो या माणसांची तीन वर्षं बदली होऊ नये याचा, आणि विशेषतः रजिस्टर सांभाळणाऱ्या अंमलदाराचा. बारनिशीच्या आवक-जावक नोंदीवर हे काम चालत नाही. या रजिस्टरला रकाने हवेत : गुन्हा क्रमांक, देश, मागितलेल्या बाबी एक-एक करून, जतनाची शेवटची तारीख, अभियोग संचालनालयाला गेल्याची तारीख, मंत्रालयाचा जावक क्रमांक, दिल्लीचा फाइल क्रमांक, परदेशी प्राधिकरणाचा संदर्भ क्रमांक, त्यांनी विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, पुढची तारीख. परदेशातून ‘अधिक माहिती द्या’ असं पत्र आलं की ते तपासी अंमलदाराच्या जुन्या पोलीस ठाण्यात जातं, तो तोवर पालघरला गेलेला असतो, आणि पत्र कपाटात. काही महिन्यांनी तिकडे विनंती बंद होते. म्हणून उत्तराचा पत्ता नेहमी कक्षाचा आणि पदनामाचा द्यावा, व्यक्तीचा कधीच नाही.

दर शुक्रवारी हे रजिस्टर ओळीने वाचावं. ज्या ओळीत पुढची तारीख रिकामी आहे तिथे थांबावं. आणि उन्हाळ्यात बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या, की कार्यभार सोपवण्याच्या टिपणीत ‘प्रकरणे प्रलंबित’ एवढं लिहून मोकळं होऊ नये. कोणत्या देशाने कोणता प्रश्न विचारला आहे, उत्तर कुणाकडे अडलंय, कोणतं जतन कोणत्या तारखेला संपतंय, हे नव्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून, रजिस्टरवर बोट ठेवून दाखवावं. त्यानंतरच सही.